अक्कलदाढ नावाचा सांधा

भाऊजींच्या आगगाडीच्या बोगद्यातून धूर यायला लागला तेव्हा मी मनापासून दाद दिली. "वा भाऊजी! धुराचीसुद्धा सोय केलीत!" असं म्हणून डाव्या हाताने टेबलावर थापही मारली. उजवा हात मोकळा नव्हता. त्याचा अंगठा एका बटणावर होता.

टेबलाखालून भाऊजींचा आवाज आला, "अंगठा कुठाय तुझा?"

"बटणावर."

"अजून?"

मी अंगठा उचलला. धूर काही थांबला नाही, उलट वास सुटला. कपड्यावर इस्त्री विसरली की सुटतो तसला. टेबलाखालून आधी भाऊजींचा हात बाहेर आला, हातात दाढा बघायचा असतो तो लांब दांडीचा छोटा आरसा. मग भाऊजी आले. त्यांनी आरसा बोगद्यात घातला, मान वाकडी करून बराच वेळ बघितलं आणि घरातलं कुणी गेल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "अक्कलदाढ गेली."

स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "त्याला होती कधी?"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. या सगळ्याला खरी जबाबदार तीच, पण हे तिला सांगायची सोय नाही. भाऊजींनी मला सांगून ठेवलं होतं की ते खालून ओरडले की बटणाला टिचकी मारायची. टिचकी. दाबायचं नाही. मी टिचकीच मारणार होतो. पण अंगठा बटणावर टेकला आणि नेमकं त्याच क्षणी ताईने आतून विचारलं, "चहा घेणार का कॉफी?" हा प्रश्न मला आयुष्यात कधी पटकन सोडवता आलेला नाही. मी विचार करत राहिलो आणि अंगठा जिथे होता तिथेच राहिला.

भाऊजींचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, भाऊजी त्यात बसेल अशी बत्तिशी घडवून परत पाठवतात. त्यामुळे ते माणसाच्या तोंडाकडे बघतात, पण चेहऱ्याकडे बघत नाहीत. लग्नात ताईच्या शेजारी उभं राहून आमच्या अख्ख्या खानदानाची ओळख करून घेताना ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य म्हणजे, "तू डावीकडून चावतोस." मी तेव्हापासून त्यांच्यासमोर उजवीकडून चावतो आणि त्यामुळे माझा जबडा दुखतो. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर भाऊजी ओळख लागल्याचं दाखवत नाहीत. तो हसला की मग म्हणतात, "हां हां, वरची कवळी!"

घराच्या पुढच्या खोलीत कवळ्या आणि मागच्या खोलीत रूळ. मागच्या खोलीत भाऊजींच्या वडिलांनी बांधलेलं एक टेबल आहे. 'खोलीत टेबल आहे' म्हणणं बरोबर नाही, टेबलाभोवती थोडी खोली उरली आहे. दार अर्धंच उघडतं, पोट आत घेऊन आडवं शिरावं लागतं. टेबलावर प्लास्टरचा डोंगर, डोंगरात बोगदा, काड्यापेट्यांची घरं, रंग उडालेलं स्टेशन आणि सगळीकडे रूळ. रुळाची एक शाखा तर भिंतीला भोक पाडून पलीकडे स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर जाते. भाऊजींच्या आईला न विचारता बिस्किटं मागवता यावीत म्हणून वडिलांनी ती सोय केली होती. ताईने त्या फळीवर आपले डबे लावलेत खरे, पण रुळाच्या दोन्ही बाजूंना, फलाटावर माणसं उभी असावीत तसे. रूळ मोकळा ठेवायचा हे लग्न ठरतानाच ठरलं होतं.

एका रुळाचे जिथे दोन होतात त्या जागेला सांधा म्हणतात. तिथे दोन बारीक पाती सरकतात. ती इकडे सरकली की गाडी सरळ जाते, तिकडे सरकली की वळते. प्रत्येक सांध्याच्या पोटाखाली तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या आणि मधे एक लोखंडी दांडी. एका गुंडाळीला वीज मिळाली की दांडी 'टक्' करून एका बाजूला, दुसरीला मिळाली की दुसऱ्या. वीज पापणी लवेपर्यंतच द्यायची. कुणी चहा का कॉफी याचा विचार करत बसलं तर गुंडाळी जळते. भाऊजी सांध्यांना आपल्या धंद्यातली नावं देतात. स्टेशनापाशी पुढचे दात, यार्डात दाढा आणि बोगद्यात, जिथे हात पोचत नाही, नजर पोचत नाही आणि कायम काहीतरी दुखत असतं, तिथे अक्कलदाढ. मुख्य लाइनमधून स्वयंपाकघरची शाखा इथेच फुटते.

टेबलाखालचं जग तर बघवत नाही. वडिलांनी टाकलेल्या तारा एके काळी म्हणे लाल, हिरव्या, निळ्या होत्या. आता सगळ्या चहाच्या रंगाच्या झाल्यात. कुठली तार कुठली हे कळावं म्हणून भाऊजींनी प्रत्येकीला दोऱ्याने एकेक खोटा दात बांधलाय. कवळीत न बसलेले दात त्यांच्याकडे पोत्याने पडलेले असतात. सुळा बांधलेली तार सरळ मार्गाची, दाढ बांधलेली वळणाची. टेबलाखाली पाठीवर झोपून वर बघितलं की शेकडो दात आपल्याकडे बघून हसत लोंबत असतात. वीज मंडळाचा माणूस एकदा मीटरची तार शोधत तिथे शिरला होता, तो पाणीसुद्धा न पिता गेला.

सगळं अपूर्व आहे यात वाद नाही. फक्त तिथे गाडी नाही.

पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी खोलीत बराच वेळ उभा होतो. भाऊजी एकामागून एक टिचक्या मारत होते, सांधे टक् टक् बदलत होते, भाऊजींची मान स्टेशनापासून डोंगरापर्यंत हळूहळू वळत होती. मधेच त्यांनी मला हाताने मागे सारलं.

"काय झालं?"

"मालगाडी जाऊ दे."

मी रुळाकडे बघितलं. "भाऊजी, गाडी कुठाय?"

"दादाकडे."

"मग तुम्ही इथे चालवताय काय?"

"मार्ग," भाऊजी म्हणाले.

ताईलाही याची सवय झालेली आहे. "अहो, जेवायला चला," म्हणून हाक मारते आणि "पॅसेंजर येऊन जाऊ दे" असं उत्तर आलं की गॅस बारीक करते. मी तिला एकदा विचारलं, तुला चीड येत नाही? ती म्हणाली, "येते. एक्स्प्रेस लेट झाली की येते."

दादा म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ. वडील जाताना वाटणी करून गेले: इंजिन आणि डबे थोरल्याला, रूळ आणि सांधे धाकट्याला. असं केलं म्हणजे दोघांना कायम एकत्र खेळावं लागेल, असा त्यांचा हिशेब. हिशेब थोडेच दिवस टिकला. एकदा गाडी अक्कलदाढेवर घसरली, इंजिन टेबलावरून खाली पडलं आणि त्याचं धुराडं वाकलं. दादा म्हणाले, "तुझा सांधा वाईट." भाऊजी म्हणाले, "तुझी चाकं वाईट." तेवढ्यावर दादांनी इंजिन आणि डबे बनियनमध्ये गुंडाळले आणि घरी नेले.

म्हणजे बोलणं बंद झालं असं नाही. दोघं एकाच न्हाव्याकडे जातात, आजारपणात एकमेकांकडे डबा पोचवतात, दादा दिवाणखान्यात बसून तासन्‌तास गप्पा मारतात. फक्त मागच्या खोलीकडे मान वळवत नाहीत. आणि आपल्या घरी ते काय करतात तर इंजिन मांडीवर उताणं ठेवतात, त्याला दोन तारा लावतात आणि हवेत चाकं फिरवून बघतात. एक भाऊ गाडीशिवाय रूळ चालवतोय, दुसरा रुळाशिवाय गाडी. मी हे दोघांनाही स्वतंत्रपणे दाखवून दिलं. दोघंही म्हणाले, "त्याला सांग ना."

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं. पण दादांनी मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला जायचं ठरवलं. मुलाचं घर लहान, आणि जुन्या खेळण्यांचा एक शौकीन इंजिन मागायला दादांच्या दारात रोज येऊन बसायला लागला. तेव्हा दादा भाऊजींना म्हणाले, "बारक्या, एकदाच चालवून बघू. रविवारी संध्याकाळी येतो. पडली, तर तुझे सांधे वाईट हे ठरलं. मी सगळं त्या माणसाला देऊन जातो. नाही पडली, तर माझी चाकं चांगली हे ठरलं. मग गाडी इथेच राहू दे, रुळावर."

दोन्हीकडून दादाच जिंकत होते, पण भाऊजींनी ते मनावर घेतलं नाही. ते फक्त 'रुळावर' हा शब्द मनात घोळवत होते. आठवडाभर त्यांनी एकही कवळी हातात घेतली नाही. गावातली कितीतरी माणसं त्या आठवड्यात पेजेवर राहिली असतील. रूळ पुसले, पाती घासली, सांध्यांच्या खाचांतून दात कोरायच्या तारेने धूळ काढली. राहता राहिली अक्कलदाढ. ती रविवारी सकाळी तपासायची होती, आणि ती तपासायला मदत म्हणून ताईने मला बोलावलं होतं.

आता पुन्हा धुराकडे येऊ.

भाऊजींनी डोंगराचा माथा झाकणासारखा उचलला, जळकी गुंडाळी सोडवून तळहातावर घेतली आणि पुढच्या खोलीत निघाले. मी मागे मागे.

"बाजारात नवीन मिळेल का?"

"मिळेल. माझे वडील जिवंत असताना मिळायची."

याचा अर्थ ती हाताने गुंडाळायची. भाऊजींनी हातड्रिल टेबलाला लावलेल्या पकडीत आवळलं, त्याच्या तोंडात रिकामं रीळ बसवलं आणि केसासारखी बारीक तार बोटांत धरली. माझं काम म्हणजे ड्रिलची मूठ फिरवायची. एकसारखी, हळू आणि तोंड बंद ठेवून. भाऊजी वेढे मोजत होते. मोजताना त्यांचे ओठ हलत होते आणि मी श्वाससुद्धा त्यांच्या परवानगीने घेत होतो. बरंच रीळ भरलं, तेवढ्यात दारात ताई आली. "अहो, धोब्याकडे चादरी किती दिल्यात?"

भाऊजींनी सवयीने तोंडात असलेला आकडा सांगितला.

"बाई गं!" ताई म्हणाली. "एवढ्या?"

"बारा... नाही... थांब..." भाऊजींनी डोळे मिटले. आकडा गेला होता. सगळी तार उलगडली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी मला शिंक आली आणि तार तुटली. तिसऱ्या वेळी ताईने दाराबाहेर खुर्ची टाकली आणि स्वतः पहारा दिला. दूधवाला, शेजारीण आणि पत्ता विचारणारा एक अनोळखी माणूस, तिघांनाही ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. अनोळखी माणूस जाताना हळूच विचारत होता, "किती वाजता गेले?"

दुपार कलेपर्यंत गुंडाळी तयार झाली. भाऊजी ती घेऊन टेबलाखाली शिरले. मी वर. कथलाचा डाख देऊन तारा जोडून झाल्या, तेव्हा खालून त्यांचा हात वर आला. तळहातावर दोन दात आणि दोऱ्याचे दोन तुकडे.

"जुना दोरा जळालाय. तुझ्या उजव्या हाताच्या तारेला सुळा बांध, डाव्या हाताच्या तारेला दाढ. बटणाला मी त्याप्रमाणे लावतो."

मी दात निरखले. खरं सांगतो, वाचकहो, आपापल्या तोंडात असताना दाढ आणि सुळा यांत फरक करणं सोपं जातं. एकाने चावतो आणि दुसऱ्याने हसतो. पण तळहातावर आल्यावर दात तो दात. त्यातला एक जरा मोठा होता. सुळा म्हणजे सुळक्यासारखा, म्हणजे मोठा, असा विचार करून मी मोठा उजवीकडे बांधला. गाठ मात्र छान मारली.

भाऊजींनी बटणाला तारा लावल्या. "आता सुळ्याच्या बटणाला टिचकी मार. टिचकी."

मी अंगठा वापरलाच नाही. करंगळीने मारली. टक्!

"सरळ झाला?"

मी डोंगराच्या उघड्या माथ्यातून बोगद्यात डोकावलो. डाव्या बाजूचं पातं रुळाला घट्ट चिकटलेलं, उजव्या बाजूचं सुटलेलं. मुख्य लाइन डावीकडून जाते, स्वयंपाकघर उजवीकडे. ज्या बाजूचं पातं चिकटलंय त्या बाजूला गाडी जाणार, असं कुठल्याही सरळमार्गी माणसाला वाटेल. सांध्याचा कारभार नेमका उलटा असतो, गाडी जाते सुटलेल्या पात्याच्या बाजूला. हे मला नंतर फार सविस्तर समजावून सांगण्यात आलं.

"झाला!" मी म्हणालो.

"थांब, मी बघतो," म्हणत भाऊजी बाहेर येत होते, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दादा. संध्याकाळी येतो म्हणणारा हा माणूस दुपारच्या चहालाच येतो हे भाऊजींना माहीत हवं होतं. त्यांनी घाईघाईने डोंगराचा माथा परत बसवला.

दादांच्या हातात चपलांचं खोकं होतं आणि खोक्यात त्याच बनियनमध्ये गुंडाळलेले इंजिन आणि डबे. मागच्या खोलीच्या दारापाशी ते थबकले. पोट आत घेतलं. मधल्या वर्षांत पोट वाढलं होतं; भाऊजींनी हात धरून आत ओढलं. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले. दादांनी इंजिन रुळावर ठेवलं, मागे डबे जोडले, खिशातल्या रुमालाने धुराडं पुसलं. ते अजून किंचित वाकडंच होतं. ठेवून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. रुळावरची गाडी हाताने उचलायची नाही, हा वडिलांचा नियम.

"सोड," दादा म्हणाले.

भाऊजींनी इतकी वर्षं नुसती हवेत बघितलेली गाडी समोर चालायला लागली. त्यांची मान तशीच, सवयीच्या वेगाने वळत होती. गाडी मात्र जरा मागे राहत होती. पुढचे दात, टक्. गाडी गेली. यार्डातल्या दाढा, टक्, टक्. गाडी गेली. दादांचे ओठ चाकांबरोबर हलत होते. मग भाऊजींनी सुळ्याच्या बटणाला टिचकी मारली, आणि गाडी बोगद्यात शिरली.

आतून खडखड आली. मी डोळे मिटले. पडल्याचा आवाज काही आला नाही. बोगद्याच्या पलीकडच्या तोंडातून गाडीही काही आली नाही.

"पडली," दादा म्हणाले. आवाज जिंकल्यासारखा नव्हता.

भाऊजी टेबलाची कड धरून उभे होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताई किंचाळली, "अहो! ही बघा कोण आलीय!"

आम्ही तिघं एकाच वेळी अर्ध्या दारातून बाहेर पडायचा प्रयत्न केला. तो प्रसंग मी वगळतो. स्वयंपाकघरात फळीवर, डब्यांच्या दोन रांगांमधून, गाडी डौलात येत होती. ताई हातात गाळणी घेऊन पहाऱ्यावरच्या शिपायासारखी उभी होती. इंजिन पुढे गेलं, रुळाच्या टोकाशी ठेवलेल्या साखरेच्या डब्याला हलकेच टेकलं, टण्, आणि थांबलं. मागचा एकही डबा रुळावरून खाली नव्हता.

"पडली नाही," भाऊजी म्हणाले.

"पण चुकली!" दादा म्हणाले. "जायचं कुठे होतं, आली कुठे!"

"तू 'पडली तर' म्हणाला होतास. चुकण्याचं काही ठरलं नव्हतं."

"सांधा चुकीचा लागला ना पण!"

"लागला ना? त्याच्यावरून गेली ना? मग सांधा वाईट कसा?"

"चाकं चांगली म्हणून गेली!"

"आता आलात ताळ्यावर," ताई म्हणाली. "आधी मला साखर काढू द्या. इंजिन मागे घ्या."

दादा फळीकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "ते मागे जात नाही."

"म्हणजे?" भाऊजींनी विचारलं.

"पडलं होतं ना... तेव्हापासून पुढेच जातं. मांडीवर ठेवून बघताना काही वाटत नाही. उताणं असल्यावर पुढे काय आणि मागे काय."

"मग उचला हाताने," मी म्हणालो.

दोघा भावांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांचं कुठल्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मी खिडकीकडे सरकलो.

अशा रीतीने इंजिन फळीवरच राहिलं. ते उचलता येत नाही, आणि मागे जाण्याची कळ दुरुस्त केल्याशिवाय हलत नाही. दादा रोज दुपारी येतात. दोघं फळीसमोर दोन स्टुलं मांडून उभे राहतात, दातांचा आरसा इंजिनाच्या पोटाखाली घालतात आणि भांडतात. ताई साखर वाटीतून वापरते. डब्याला हात लावायचा तर दोघांची परवानगी लागते. त्या शौकीन माणसाला दादांनी दारातूनच सांगितलं, "गाडी रुळावर आहे. रुळावरची गाडी देता येत नाही." मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. दादा म्हणत होते, "येणार रे, येणार. पण आत्ता नाही जमत. इंजिन स्वयंपाकघरात अडकलंय. नाही, आपल्या नाही. बारक्याच्या."

परवा मी गेलो तेव्हा दुरुस्ती जवळजवळ झाली होती. म्हणजे आदल्या दिवशी झालीच होती, पण दादांनी एक स्क्रू पुन्हा सैल करून ठेवला होता, हे भाऊजींनी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. दोघांच्या मधे बिस्किटांची बशी होती, आणि ताई लेट झालेल्या एक्स्प्रेसची वाट बघत गॅस बारीक करत होती. मला ते दृश्य बघून भरून आलं. मी मागच्या खोलीत भाऊजींच्या मागे मागे गेलो. ते टेबलाखाली शिरले, आरशाने वर बघत अक्कलदाढेची तार चाचपत होते. मी बांधलेली गाठ त्यांनी सोडली, मोठा दात बोटांत धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"भाऊजी," मी म्हणालो, "खरं बघायला गेलं तर, मी गुंडाळी जाळली नसती आणि दात उलटे बांधले नसते, तर गाडी सरळ गेली असती, तिचा मुक्काम इथे ठरला असता, आणि दादा तिसऱ्या दिवशी मुलाकडे गेले असते. म्हणजे एका अर्थी तुम्हा दोघांना मीच..."

टेबलाखालून भाऊजी म्हणाले, "बटणाला हात लावू नकोस."